रविकांत रामटेके यांची कोल्हेकुई

खोटं बोलायचं असं ठरवून रविकांत रामटेके त्या दिवशी लंचरूममध्ये गेला नव्हता. तो डबा गरम करायला गेला होता.

सस्काटूनच्या त्या पंपांच्या कारखान्यात ड्रॉइंगं काढता काढता त्याला सात वर्षं झाली होती. या सात वर्षांत लंचरूममध्ये त्याला एकूण दोन प्रश्न विचारले गेले होते. हिवाळ्यात, "टू कोल्ड फॉर यू?" आणि उरलेल्या दिवसांत डब्याकडे बघून, "इज दॅट स्पायसी?" दोन्ही प्रश्नांना तो हसून मान हलवायचा. बाकी गप्पा चालायच्या हॉकीच्या, ट्रकच्या, बर्फाला भोक पाडून पकडलेल्या माशांच्या. या तिन्ही विषयांत रविकांतला गती नव्हती. नागपूरच्या माणसाला बर्फ फक्त गोळ्यापुरता ठाऊक.

त्या दिवशी, म्हणजे २००९ च्या एप्रिलात, मेंटेनन्सचा सुपरवायझर ग्लेन वैतागून बसला होता. गावाबाहेर त्याचं मेंढ्यांचं फार्म होतं.

"आठवड्यात दोन कोकरं नेली," तो म्हणाला. "कायोटी."

कायोटी म्हणजे आपला कोल्हाच. फक्त थंडीत वाढल्यामुळे जरा उंच, जरा थोराड आणि वागायला जास्त आत्मविश्वासाचा.

"कॉलची शिट्टी वाजवून बोलाव आणि गोळी घाल," कुणीतरी सुचवलं.

"कॉलिंग मला जमत नाही," ग्लेन म्हणाला. "त्याला कान लागतो."

आणि तेवढ्यात रविकांतला एक आवाज ऐकू आला. दुर्दैवाने तो त्याचाच होता. "इंडियामध्ये पण असतात. जॅकल. माझे आजोबा त्यांना बोलवायचे. नुसत्या तोंडाने."

हॉकीसुद्धा थांबली.

"आणि तू?" ग्लेनने विचारलं.

इथे सुटायला जागा होती. पण ग्लेनने बोलता बोलता पायाने एक खुर्ची रविकांतकडे सरकवली होती, आणि सात वर्षांत त्या खोलीत त्याच्याकडे कुणी खुर्ची सरकवली नव्हती.

"लिटल बिट," रविकांत खुर्चीत बसत म्हणाला.

कॅनडात 'लिटल बिट' म्हणणारा माणूस सहसा त्या विषयातला उस्ताद निघतो, हे त्याच्या ध्यानात नव्हतं. ग्लेनने त्याला दोन आठवड्यांनंतरच्या शनिवारी सकाळी सातचं बोलावणं दिलं.

वस्तुस्थिती अशी होती की रविकांतचे आजोबा कापडगिरणीत साचा चालवत आणि त्यांना नक्कल येत असेलच तर गिरणीच्या भोंग्याची. खुद्द रविकांतने आयुष्यात एकच कोल्हा पाहिला होता, नागपूरच्या प्राणिसंग्रहालयात. तो लोकांकडे पाठ करून झोपला होता.

पुढच्याच शनिवारी तो शिकारीच्या सामानाच्या दुकानात गेला. जयंतीला, म्हणजे बायकोला, 'विंटर टायर्स काढून घ्यायचेत' असं सांगितलं. एका खोट्याला सोबत लागते.

एखादी शिट्टी घ्यायची आणि परत यायचं, असा त्याचा साधा हिशेब होता. पण दुकानात एक अख्खी भिंत नुसत्या कॉलची, म्हणजे कायोटीला भुलवायला भक्ष्याचा आवाज काढणाऱ्या शिट्ट्यांची होती. भेदरलेला ससा, जखमी ससा, शेवटच्या घटका मोजणारा ससा. सशाच्या दुःखाच्या इतक्या पायऱ्या असतात हे त्याला नवीन होतं. शिवाय उंदीर, सुतारपक्षी, हरणाचं पाडस, आणि तुतारीसारखं एक लांबलचक प्रकरण, ज्यातून म्हणे थेट कायोटीच्याच भाषेत बोलता येई. काय बोलायचं ते मात्र पाकिटावर दिलेलं नव्हतं.

पांढऱ्या मिशांचा एक म्हातारा विक्रेता मदतीला आला. "पहिल्यांदाच?"

"मित्रासाठी हवंय," रविकांत म्हणाला.

"मग मित्राला हा क्लोज्ड रीड द्या." म्हाताऱ्याने एक लाकडी नळी काढली. "जीभ आत बंद असते. फुंकलं की ससा ओरडणारच. चुकायची सोय नाही. आणि हा ओपन रीड. याची पट्टी उघडी. दात कुठे टेकवता, ओठ किती दाबता, त्यावर आवाज ठरतो. यातून ससाही निघतो आणि काहीही निघतं. वर्षं जातात शिकायला. मित्र नवीन असेल तर क्लोज्ड."

सल्ला सरळ होता आणि रविकांतला तो पटलाही होता. पण क्लोज्ड रीडच्या पाकिटावर ठळक अक्षरांत 'बिगिनर' असं छापलेलं होतं. जो माणूस आजोबांपासून चालत आलेली कला जाणतो, त्याच्या खिशातून शनिवारी असं पाकीट निघालं तर? नुसत्या कल्पनेनेच त्याचे कान तापले. त्याने ओपन रीड घेतला.

वळतो तर समोर रश्मीताई वासनिक. मुलासाठी गमबूट बघत होत्या. सस्काटूनमध्ये आंबेडकरी मंडळाची घरं सगळी मिळून नऊ. रविकांत मंडळाचा सेक्रेटरी. नऊ घरांच्या गावात सेक्रेटरीला लपायला जागा नसते.

"रामटेके सर, तुम्ही इकडे? शिकारीच्या सेक्शनला?"

"शिट्टी," रविकांत म्हणाला. "मृणालच्या सॉकरसाठी."

"अरे वा. मग मंडळाच्या पिकनिकला पण आणा."

सराव बेसमेंटमध्ये सुरू झाला. पहिल्या फुंकरीला काहीच आलं नाही, दुसरीला लाळ आली, तिसरीला असा काही आवाज निघाला की वरच्या मजल्यावर जयंतीच्या हातून झारा पडला. ती जिना उतरून आली.

"काय करून राहिले तुम्ही?"

रविकांतने खरं सांगितलं. म्हणजे खोटं बोललो हे खरं सांगितलं. जयंतीने त्याच्या हातातला कॉल उचलून पाहिला.

"त्या प्राण्याला बोलावणार तुम्ही, अन् तो माणूस गोळी घालणार?"

"मी फक्त बोलावणार," रविकांत म्हणाला. "पुढचं ग्लेन बघेल. निमंत्रण देणं म्हणजे काही हिंसा नाही."

"बोकडाला जत्रेचं देतात तसं निमंत्रण का?" जयंतीने विचारलं आणि ती वर गेली. अर्ध्या जिन्यावरून ओरडली, "अन् ससा नाही वाटत तो! शेळीचं पिल्लू वाटते!"

सल्ले तिथून सुरू झाले. शेजारच्या बलबीरसिंगने गराजमधून ऐकलं होतं. "रामटेके जी, दम पेट से लाओ, गले से नहीं. मेरे ताया जी शहनाई बजाते थे." प्रत्येकाच्या घराण्यात एक वाजवणारा निघतो, फरक इतकाच की बलबीरचा खरा होता. चौदा वर्षांच्या मृणालने इंटरनेटवरचा एक व्हिडिओ लावून दिला. त्यात टेक्सासचा एक दाढीवाला तीन मिनिटांत अकरा जनावरांचे आवाज काढायचा. "सी, डॅड? इट्स नॉट दॅट हार्ड," ती म्हणाली, आणि मैत्रिणींपैकी कुणाला यातलं काही सांगायचं नाही, असं वचन घेऊन गेली.

सल्ला दिला नाही तो एकट्या डोरोथीने. भिंतीपलीकडे राहणारी ही म्हातारी बाई. तिने सरळ पोलिसांना फोन केला.

रविवारी दुपारी दार वाजलं. एक उंच, तरणी पोलीस कॉन्स्टेबल उभी होती. शेजारच्या घरातून दोन दिवस एक मूल कळवळून रडतंय, अशी तक्रार आली होती.

"घरात मूल आहे का?"

"दॅट वुड बी मी," मृणाल मागून म्हणाली. "आय ॲम फोर्टीन. माय डॅड इज बीइंग अ रॅबिट."

कॉन्स्टेबलने रविकांतकडे पाहिलं. खुलासा करण्याचा त्याने दोनदा प्रयत्न केला, पण 'आय ॲम ओन्ली कॉलिंग, नॉट किलिंग' हे वाक्य पोलिसांपुढे जसं वाटायला हवं तसं वाटत नव्हतं.

"डॅड, जस्ट शो हर."

तेव्हा बैठकीच्या खोलीत, सोफ्यासमोर, पायात घरच्या चपला, अशा अवस्थेत रविकांत रामटेके, बी. ई. मेकॅनिकल, याने कायद्यापुढे ससा सादर केला. समोरच्या रस्त्यावरून जाणारं एक कुत्रं थांबलं.

कॉन्स्टेबलने मान तिरकी करून ऐकलं. "तुम्ही फार लांबवताय. मरणाऱ्या सशाला एवढा दम नसतो. तुकड्यातुकड्यात. आणि हे कोकरासारखं येतंय, पण कायोटीला तेही चालेल." ती फार्मवर वाढलेली होती. त्या प्रांतात ही विद्या येत नाही असा रविकांत एकटाच असावा, अशी त्याची हळूहळू खात्री पटत चालली होती.

संध्याकाळी डोरोथी बनाना ब्रेड घेऊन माफी मागायला आली. "तुम्ही किती चांगली माणसं आहात, आणि मी काय विचार केला," असं म्हणून तिने डोळे पुसले. रविकांतला वाटलं, त्यापेक्षा तिने पुन्हा पोलीस बोलवावेत.

परवान्याची भानगड वेगळीच. मन साफ असावं म्हणून तो सोमवारी कचेरीत गेला. खिडकीतल्या बाईंनी फॉर्म पुढे केला.

"कोणतं हत्यार?"

"हत्यार नाही."

"मग शिकार कशाने करणार?"

"तोंडाने," रविकांत म्हणाला.

बाईंनी पेन खाली ठेवलं. त्यांनी आतल्या माणसाला विचारलं, आतल्याने फोनवर कुणाला तरी विचारलं, मागे रांग वाढली, आणि रांगेतल्या प्रत्येकाला रविकांतची अडचण काय आहे ते कळलं. शेवटी असा निर्णय बाहेर आला, की साहेबांनी बंदूकवाल्याच्या मागे बसावं आणि धडाम वाजेल असं काहीही हातात धरू नये. "गुड लक विथ युअर माउथ," बाई मनापासून म्हणाल्या.

यानंतरच्या रविवारी रावसाहेब ढोकेंच्या घरी जयंतीचा कार्यक्रम होता. बायकोचा नव्हे, बाबासाहेबांचा. रावसाहेब मंडळाचे अध्यक्ष, रिटायर्ड इंजिनियर, मुलाकडे राहणारे. नऊ घरं पांढऱ्या कपड्यांत बसली होती. पंचशील म्हणवून घेणं हे सेक्रेटरीचं काम.

आठ दिवस रोज फुंकून रविकांतचा गळा सोलून निघाला होता. त्रिशरण कसंबसं पार पडलं. पण पहिल्या शिलाला, प्राणिहिंसेपासून अलिप्त राहण्याच्या वचनाला, 'पाणातिपाता' म्हणताना आवाज चिरकला आणि त्यातून थेट ससा निघाला. कुणी हसलं नाही. रश्मीताईंनी पदर डोळ्यांना लावला. रविकांत घामाघूम झाला. दुसरं शील गेलं, तिसरं गेलं, आणि चौथ्याला, खोटं न बोलण्याच्या शिलाला, आवाज पूर्णच गेला. त्याचे नुसते ओठ हलत राहिले. मागच्या रांगेतून जयंतीने एकटीने, खणखणीत आवाजात ते शील म्हटलं.

शेवटी रावसाहेब उठले. "आपण सगळे पंचशील पाठ म्हणतो," ते म्हणाले. "आज पहिल्यांदा मी एका माणसाला ते म्हणताना गहिवरून आलेलं पाहिलं. रविकांत, बेटा, याला म्हणतात आचरण." आणि त्यांनी त्याला सगळ्यांसमोर मिठी मारली.

घरी येताना गाडीत जयंती एवढंच म्हणाली, "मी काही बोलून राहिली का?" ती बोलत नव्हती. तेच वाईट होतं.

शनिवार उजाडला. सातला ऊन होतं, पण वारा अजून हिवाळ्याचाच. शेतात जागोजागी बर्फाचे पट्टे उरले होते. ग्लेनने त्याला अंगावर घ्यायला एक जुनी पांढरी चादर दिली, म्हणजे बर्फात दिसू नये. दोघे शेतातून वेचून काढलेल्या दगडांच्या ढिगामागे बसले. मागे कुंपणापलीकडे चाळीसेक मेंढ्या आणि त्यांची कोकरं चरत होती. ग्लेनची नजर पुढच्या झुडपांवर होती.

"हं," तो कुजबुजला. "तोंडाने."

"थंडी," रविकांत घशाला हात लावत म्हणाला, आणि लोकरी हातमोज्यातून ओपन रीड काढला. ग्लेनने तो आदराने पाहिला. एवढा अवघड कॉल वापरणारा माणूस त्यानेही जवळून पाहिला नसावा.

रविकांतने डोळे मिटले, दम पोटातून आणला आणि तुकड्यातुकड्यात फुंकलं.

झुडपं हलली नाहीत. त्याने पुन्हा फुंकलं. तिसऱ्यांदा फुंकलं तेव्हा उत्तर आलं, पण मागून.

"मेंऽऽ."

एक मेंढी कुंपणाला येऊन उभी होती. तिच्या कुशीवर निळ्या रंगात ३१ आकडा होता. तिच्यामागे दुसरी आली, मग दहा, मग सगळ्या. कोकरू कुठेतरी संकटात आहे, एवढं त्यांना कळलं होतं. कुणाचं ते प्रत्यक्ष येऊन बघायचं होतं. एकतीस नंबरच्या मेंढीने कुंपणाला छाती लावली. एक खांब कुजलेला होता. तो कर्रकन मोडला, त्याच्या ओढीने पुढचे खांब कलले, जाळी आडवी झाली आणि चाळीस मेंढ्या ओरडत रविकांतच्या अंगावर आल्या. चादर गेली, टोपी गेली. मेंढ्या त्याच्या बगलेत, जाकिटात, पायांच्या मध्ये नाकं खुपसून शोधत होत्या.

"थांबव! बंद कर ते!" ग्लेन ओरडला.

पण कॉल रविकांतच्या दातांत होता आणि भीतीने तो आता तोंडानेच श्वास घेत होता. प्रत्येक श्वासाला कोकरू रडत होतं.

आणि तेव्हा ग्लेनला तो दिसला. कायोटी खरंच आला होता. हाक त्यालाही पोचली होती. तो फक्त पलीकडच्या बाजूने आला होता, जिथे आया सोडून गेलेली कोकरं एका कोपऱ्यात गोळा झाली होती. ग्लेनने बंदूक उचलली. नेमाच्या आड चाळीस मेंढ्या होत्या. बंदूक डावीकडे गेली, उजवीकडे गेली आणि खाली आली. कायोटीने एक कोकरू मानेला धरलं आणि तो निघाला. पळालासुद्धा नाही. चालत गेला.

आपल्याकडे माणूस चिडला की बोलतो, आणि निदान किती चिडलाय ते कळतं. ग्लेनने नुसती बंदूक रिकामी करून ट्रकमध्ये ठेवली आणि तो मेंढ्या वळवायला लागला.

सगळ्या वळल्या, एकतीस वळेना. कायोटीने आधी नेलेली दोन्ही कोकरं तिची होती. ती रविकांतच्या जाकिटाला नाक लावून उभी होती आणि घशातल्या घशात काहीतरी बोलत होती. तिचं ते हलक्या आवाजातलं बोलणं ऐकून रविकांतला इतकी लाज वाटली, तितकी पोलिसांपुढे वाटली नव्हती आणि रावसाहेबांच्या मिठीतही वाटली नव्हती. माणसांना फसवलं तर माणसं निदान नंतर कधीतरी चार शब्द सुनावतात.

आरडाओरडा ऐकून ग्लेनची बायको कॅरल घरातून आली होती. तिने सगळं पाहिलं, एकतीसला पाहिलं आणि म्हणाली, "स्वयंपाकघरात एक आई मेलेलं कोकरू आहे माझ्याकडे. बाटलीवर जगवतेय. हिने घेतलं तर दोघांचं भलं होईल. तुमच्या मागे येईल ती. वाजवत बार्नपर्यंत चला."

तेव्हा रविकांत उलट्या पावलांनी, कॉल वाजवत, चिखलातून निघाला. मेंढी त्याच्यामागे. ग्लेन मोडलेल्या कुंपणापाशी वाकलेला होता. त्याने वर पाहिलं नाही.

बार्नमध्ये कॅरलने कोकरू पेंढ्यावर सोडलं. मेंढीने ते हुंगलं आणि डोक्याने ढकलून दिलं. "वाजवा," कॅरल म्हणाली. रविकांतने पेंढ्यात बसून, कोकराच्या मागे तोंड नेऊन फुंकलं. मेंढी थांबली. कोकरू कासेला लागलं. तो श्वास घ्यायला थांबला, की तिने लाथ मारली. पुन्हा फुंकर. असं अडीच तास चाललं. कॅरल मधे कॉफी ठेवून गेली, ती गार झाली. ओठ सुजले. त्याच्या गुडघ्यावर शेण होतं, केसांत पेंढा होता. शेवटी दम खरोखरच संपला आणि कॉल हातातून पडला.

मेंढी उभीच राहिली. तिने मान वळवून कोकराची शेपटी हुंगली. शेपटी भराभरा हलत होती.

"यू आर अ नॅचरल," दारातून कॅरल म्हणाली.

रविकांतला तिथेच बसून राहावंसं वाटत होतं, कारण बाहेर ग्लेन होता. ठोकल्याचा आवाज येत होता. पण तो उठला. पेंढा झटकायचं त्याला सुचलं नाही.

"ग्लेन," तो कुंपणापाशी जाऊन म्हणाला. घसा गेलेला होता. शब्द जेमतेम बाहेर येत होते. "माझे आजोबा गिरणीत होते. कोल्हे वगैरे काही नाही. मलाही काही येत नाही. मी ते असंच बोललो. लंचला काहीतरी बोलायचं म्हणून."

ग्लेनने आणखी दोन खिळे ठोकले.

"माझं एक कोकरू गेलं," तो म्हणाला.

"हो."

"काहीही बोलला असतास तरी चाललं असतं. सात वर्षं तू नुसती मान हलवतोस. आम्हाला वाटायचं, तुला आमच्याशी बोलायचं नसतं."

यावर रविकांतला काही म्हणायचं होतं. पण एवढ्यात मान हलेल, या भीतीने तो ताठ उभा राहिला.

"ते टोक धर," ग्लेन म्हणाला. "ओढ. जोरात."

रविकांतने तारेचं टोक धरून ओढलं. तार त्याच्या लोकरी हातमोज्यातून आत घुसली आणि तळव्याला लागली. त्याने सोडली नाही. ग्लेनने पाहिलं. खिशातून चामड्याचे हातमोजे काढून खांबाच्या डोक्यावर ठेवले आणि हातोडा घेऊन पुढे चालू लागला.

हातमोजे दोन मापं मोठे होते. रविकांतने ते चढवले, तारेचं भेंडोळं उचललं आणि त्याच्यामागे गेला. अजून नऊ खांब बाकी होते.